पाणकणसाची उशी

आमच्या खाचराखाली ओढा पसरतो, तिथं गुडघाभर पाण्यात पाणकणीस माजायचं. पुरुषभर उंच पात, वर तपकिरी दांडकं. ते फूल असतं, हे मला पुढं कुणीतरी सांगितलं. आम्ही कणीसच म्हणायचो.

साठएक वर्षं झाली असतील. माझं नवं लग्न झालेलं आणि घरात धड उशी नव्हती. काटेसावरीचं झाड चुलतभावाच्या बांधावर, आणि त्या बांधावरूनच आमचं बोलणं बंद. त्याच्याकडं कापूस मागायचा नाही म्हणजे नाही. पाणकणसाच्या दांडक्यातही कापसासारखं मऊ भरलेलं असतं, म्हणून मी तीच कापून आणली. कणीस म्हटलं की झोडायचं, एवढंच मला ठाऊक. नाचणीसारखी झोडली. निम्मा कापूस उडून शेजारणीच्या वाळवणावर बसला. "काय पीक काढलंस रं!" ती ओरडली. उरला तो मांजरपाटाच्या खोळीत कोंबला.

बायको म्हणाली, "खोळीला आतनं मेण घासा. न्हाईतर समदं भाईर येईल."

"तू गप," मी म्हणालो.

संक्रांतीला सासरे घोटावड्याहून लेकीला न्यायला आले. जेवून त्या उशीवर कलंडले. उठले तेव्हा काळ्याभोर मिशा पांढऱ्याफेक, आणि शिंका थांबेनात.

"जावईबापू, एका दुपारीत म्हातारा केला की मला!"

आई पदर तोंडाला लावून हसली. ते हसले नाहीत.

"भावकीत मूठभर सावर मागायला जीभ उचलंना तुमची, आन माझी पोर ह्या भुश्शात झोपतीया. धड उशी घेऊन या, मंग न्या हिला."

बायको गेली. महिना झाला. आई रोज म्हणायची, "जा की रं भावाकडं." मी गेलो नाही. शेवटी रानात मध काढणाऱ्या एका धनगराकडून मेणाचा गोळा आणला, खोळ उलटी करून घासली आणि तोच पाणकणसाचा कापूस परत भरला.

घोटावड्यात सासऱ्यांनी उशी दोनदा आपटली, मिशांवर घासली. काही निघालं नाही.

"सावर दिली म्हनायची भावानं."

"न्हाई. पाणकणीसच हाय."

"मंग आता कसं गळंना?"

मी उशी उचलून काखेत मारली. बायको दारात उभी होती. युक्ती तिची, हे मी आजवर कुठं बोललो नाही. गावात माझीच म्हणून सांगत आलो.

परतताना उशी तिच्या डोक्यावर होती. ओढ्याशी आल्यावर तिनं विचारलं, "मेण कुटनं आणलं?"

"मिळालं," मी म्हणालो आणि पाण्यात पाय घातला.