बॅटरीचं सुतक

शिनोलीच्या जीपवाल्या काकांना पोळ्याच्या सकाळी नारायणगावात नाडलं गेलं. जीप सुरू होईना, तेव्हा माझ्या रोजच्या ओळखीच्या बॅटरीवाल्याने त्यांच्या बॅटरीला कान लावला, डोळे मिटले आणि सुतकी आवाजात म्हणाला, "गेली, भाऊ. लई सोसलं बिचारीनं."

"झाकण तरी उघडा, राव!" काका म्हणाले.

"मेलेल्याची चिरफाड करत न्हाई आमी."

जीपवर चूल चालते, म्हणून काकांनी नवी घेतली आणि जुनी त्याच्याकडेच टाकली. पुढच्या बाजाराला, काकांच्या लेकीचं नाव रंगवलेली तीच बॅटरी त्याच्या दुकानात टेप वाजवत होती. त्याने नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून ती चार्ज केली होती. अ‍ॅसिडच्या पाण्यात शिशाच्या प्लेटा बुडलेल्या असल्या तर वीज मिळते. पाणी आटलं की बॅटरी दमते, लगेच मरत नाही.

झाकणं तुमच्यासमोर उघडायला लावा. तोवर रडू नका!