उलटा नवस

पोरांना धीर द्यावा, त्यांची स्वप्नं मोडू नयेत, असं मी आमच्या गल्लीत येताजाता सगळ्यांना ऐकवायचे. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत सगळे खानदेशातून लूमवर कामाला आलेले, आणि पोरगा जरा हाताशी आला की त्यालाही लूमवर उभा करायचा, ही रीत. त्यावरून मी भांडणंही केली आहेत. तोंड माझं पहिल्यापासून चालतं. पण माझ्या स्वतःच्या दहा वर्षांच्या लेकीनं एक दिवस जेवताना सांगितलं, की तिला तापीत पोहायचंय, आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. शाळेनं मुलांना तरणकुंडावर नेलं होतं, म्हणजे पोहण्याच्या तलावावर, आणि ती तिथं रमली. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. तलावाचा तळ दिसतो. आता तिथले शिकवणारे सर चार मुलं निवडणार होते, तापीतल्या शर्यतीसाठी, आणि तिला त्या चौघांत यायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. झोपेतसुद्धा पाय मारायची.

माझं माहेर तापीकाठचंच, वर शिरपूरकडचं. लहानपणी माझ्याबरोबर पाण्याला येणारी मैत्रीण एका सकाळी पाय घसरून नदीत गेली. तिची घागर वर आली, ती आली नाही. आणि सुरतेत तर तीच तापी भरतीच्या वेळी उलटी चढते. पुलावरून बस जाताना मी एकदा ते पाणी मागं जाताना पाहिलं, आणि त्यानंतर पूल आला की डोळे मिटून बसायचे.

“जाऊ दे ना तिले,” नवरा म्हणाला. “तूच सांगस ना गल्लीभर.” बारा तासांची पाळी करून आलेला माणूस, एवढं बोलून झोपला. मी तरी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? “जा बाई, मन लावून कर,” असं लेकीला म्हटलं. तरणकुंडाच्या फाटकाशी सर भेटले, तेही हेच म्हणाले, “बेन, छोकरीमां दम छे. एने बीवडावता नहीं.” पोरीला भिववू नका म्हणे. मी मान डोलावली. घरी आले, हातपाय धुतले आणि सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे उभी राहिले.

“माय, मनी पोर त्या चारम्हा येऊ देऊ नको,” मी म्हटलं. “चैत्रात अनवाणी गड चढेन. साडीचोळी आणेन.”

आया पोरं पास व्हावीत म्हणून नवस बोलतात. मी पोर नापास व्हावी म्हणून बोलले. तांबड्या फडक्यात नारळ बांधत होते तेवढ्यात लेक आत आली. “मनासाठे शे का?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं मागून गळ्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तरणकुंडावर सगळ्यांना सांगून आली, की माझी आई नवस बोललीय. चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमेना.

निवड झाली त्या सकाळी ती दारात आली, केस ओले, ओठ निळसर. आधीच्या फेऱ्यांच्या गुणांवर पाचवी ठरली होती. “माय, मना पाय कोनी तरी खाले वढा असं वाटनं,” ती म्हणाली. शेवटच्या फेरीत ती मध्येच बुडायला लागली, सरांनी उडी मारून बाहेर काढली. पेटका आला, असं सरांचं म्हणणं. पाय कुणी धरला ते मला माहीत होतं. अडव म्हणून मीच सांगितलं होतं. कुठं अडव, कशी अडव, ते सांगायचं राहिलं होतं. तिला पुसता पुसता मी त्याच टॉवेलनं माझे डोळे पुसले, तर तीच मला म्हणाली, “रडू नको. पुढला वरीसले परत.”

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा तरणकुंडावर गेली.

माझं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. नवस फेडावा, तर लेकीला कारण काय सांगायचं? न फेडावा, तर देवी कोपेल, आणि पोर रोज सकाळी पाण्यात. तेव्हा मी घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायचे. लेक परत येईपर्यंतचे ते दोन तास कसे जायचे ते मलाच ठाऊक. एकदा कात्री धाग्याऐवजी सरळ पदरातून गेली आणि मला कळलंसुद्धा नाही.

चैत्र लागला तशी मी वणीच्या गडावर जायचं ठरवलं. “पण देवीनी तर ऐकं नई. मग कसाले जानं?” लेक म्हणाली. बोललं की जावं लागतं, एवढंच मी सांगितलं. ती हट्टानं बरोबर आली. पायथ्याशी मी चपला काढल्या, तर तिनंही काढल्या. पायऱ्या तापून लाल. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चढत होती.

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, “देवीना काय दोष? मना सराव कमी पडना.”

मी तिथंच पायरीवर बसले. माझ्या पापासाठी पोरीचे तळवे भाजत होते, वर ती दोष स्वतःकडे घेत होती. मी सगळं सांगून टाकलं. नवस काय होता ते, आणि का होता तेही.

ती रडली नाही. “मी बुडू असं मांगं तू?”

“नाही गं. बुडू नये म्हणूनच.”

माझा हात सोडून ती पुढं चढायला लागली. गर्दीत तिच्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या, आणि मी धापा टाकत त्यांच्या मागं. ती मागं वळून बघेना. नदीची एवढी भीती घेतली होती आयुष्यभर. पण पोटची पोर आपल्याला कायमची परकी होईल, ही भीती काय असते ते तिथं कळलं.

गाभाऱ्यापुढं ती थांबली होती. मी साडीचोळी दिली, हात जोडले. ती देवीकडं बघत नव्हती. माझ्या ओठांकडं बघत होती.

“माय, मनी पोरले तापीम्हा जाऊ दे,” मी मोठ्यानं म्हटलं. रांगेतल्या बाया वळून बघायला लागल्या.

“आखो सांग,” लेक म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून.