बसवाले सर

आमच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरांना सगळे 'बसवाले सर' म्हणत. बस सोडा, त्यांच्याकडे धड सायकलही नव्हती. होती तिची चेन रोज पडायची आणि सर काळ्या बोटांनी वर्गात यायचे; खडू हातात घेतला की खडूही काळा. तेलुगूचे एक नवे लेक्चरर रुजू झाले, त्यांनी हे नाव ऐकून बहिणीच्या लग्नाला बस भाड्यानं मिळेल का, असं सरांना अगदी गंभीरपणे विचारलं होतं. सर म्हणाले, "मिळते ना. पन सातला सुटते, अन् कोनासाठी थांबत नाई."

ही सातची बस म्हणजे आदिलाबादहून बेल्याकडे जाणारी शेवटची बस. ती गेली की महाराष्ट्राच्या सीमेकडच्या खेड्यांतल्या माणसानं रात्र बसस्टँडच्या फरशीवर काढायची. आमच्या कॉलेजातली मराठीची बहुतेक पोरं त्याच खेड्यांतली. मीही तिकडचीच, आदिलाबादेत मावशीकडे राहून शिकत होते.

नावामागची फजिती सर स्वतःच रंगवून सांगायचे. वर्षातून एकदा आमचं गॅदरिंग व्हायचं. तेलुगू पोरं त्याला 'कॉलेज डे' म्हणत, ऑफिसातले जुने कारकून 'जलसा' म्हणत. नाव काहीही घ्या, रिवाज एकच: मुख्य पाहुणे आल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. आणि पाहुणे म्हटल्यावर ते वेळेवर येतात कशाला? आले की हार, शाल, नारळ आणि मग सगळ्या भाषांतून भाषणं. सरांच्या पहिल्याच वर्षी त्यांनी लिहिलेलं नाटक असंच उशिरा सुरू झालं, आणि ऐन रंगात आलं असताना मागच्या रांगा एकदम उठल्या. फेटेवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे चालू लागले. सरांचं डोकंच फिरलं. विंगेतून थेट स्टेजवर येऊन ते ओरडले, "नाटक आवडलं नसेल तर तोंडावर सांगा, असं उठून काय जाता?" तेव्हा एक म्हातारी वळून म्हणाली, "नाटक लय बेस हाय बाप्पा, पन गाडी चालली ना आमची!"

"त्या दिवशी माह्यातला नाटककार मेला अन् कंडक्टर जन्मले आला," असं सर म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

पुढच्या वर्षापासून त्यांनी क्रमच उलटा केला. आधी नाटक, मग भाषणं. उन्हं उतरायच्या आत तिसरी घंटा आणि सातच्या बसच्या आधी पडदा. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. शिपाई होता, पण गॅदरिंगच्या दिवशी तो रूळ सरच बडवत. तिसरी घंटा झाली की कोणीही येवो, नाटक थांबणार नाही. "ज्यायले बसनं जायचं हाय त्यायच्यासाठी नाटक. ज्यायच्यापाशी मोटार हाय त्यायनं मंग भाषन द्यावं, सकाळपर्यंत द्यावं," असा त्यांचा हिशेब. नाटक संपलं की खेड्यांतली मंडळी उठून जायची आणि पाहुणे रिकाम्या खुर्च्यांना कलेचं महत्त्व सांगत बसायचे. संस्थेच्या अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांचं शहरात कापसाचं जिनिंग होतं, म्हणून सगळे त्यांना मालक म्हणत. पण नाटक पाहायला आलेले लोक पुढच्या जूनमध्ये पोरांना दाखल करायलाही येत, म्हणून मालक गिळून गप्प बसत.

वर्गात सर एकदम शुद्ध बोलायचे. 'आपण', 'कृपया', 'पृष्ठ उघडावे'. तालमीत मात्र त्यांची बेल्याची बोली मोकळी सुटायची. टेबलावर घड्याळ ठेवून ते समोर बसत आणि वेळ वाढत चालली की स्वतःचीच वाक्यं कापत. एकदा नायकाचं एक लांबलचक स्वगत त्यांनी डोळे मिटून आम्हाला म्हणून दाखवलं. डोळे उघडून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "कापा हे. माह्या काळजाचा तुकडा हाय, पन ह्याच्यापायी लोकायची बस चुकते." आम्ही गयावया केली, तरी ते ऐकेनात.

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते तेव्हाची गोष्ट. डिग्री करायची माझी फार इच्छा होती. बाबांनी मात्र ठरवून टाकलं होतं, परीक्षा झाली की लग्न. बाबा वाईट नव्हते. कापूस, ज्वारी आणि पोरीबाळींची लग्नं, एवढ्यातच त्यांचं जग संपायचं. मी सरांपुढे रडले. सर पुढच्याच रविवारी आमच्या गावी गेले, ओसरीवर बसले, चहा प्याले, कापसावरच्या किडीबद्दल बोलले, गॅदरिंगचं आवतण दिलं आणि परत आले. माझ्या शिक्षणाबद्दल अवाक्षर नाही!

मी चिडून विचारलं, "सर, तुमी बोलले काऊन नाई?"

"मी बोललो तर तो मान हालवन. मास्तर हाय म्हनून. अन् मी उठलो का तो इसरून जाईन. तू बोल ना पोरी. साऱ्या गावासमोर बोल."

आणि त्यांनी त्या वर्षीच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश नव्यानं लिहिला. त्यात एक मुलगी बापाला सांगते, मला पुढं शिकू द्या. बस, एवढंच. पण काय लिहिलं होतं! तालमीत बापाचं काम करणारा पोरगा रोज डोळे पुसायचा. त्या प्रवेशातलं एकही वाक्य सरांनी कापलं नाही. त्याच्यासाठी आधीचे दोन प्रवेश कापले.

बाबा आले. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आले. पांढरं धोतर, नवा फेटा, सोबत आमच्या गावचे बरेचजण. सरांनी त्यांना हाताला धरून पुढे नेऊन बसवलं. पाहुणे हैदराबादहून यायचे होते, कोणी मोठे पुढारी. त्यांचा पत्ता नव्हता. सरांनी रूळ बडवला आणि नाटक सुरू केलं. सगळं छान चाललं होतं. लोक हसत होते, बाया पदर तोंडाला लावत होत्या. मी विंगेत उभी राहून बाबांकडे पाहत होते. ते पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून पाहत होते.

शेवटच्या प्रवेशासाठी मी स्टेजवर पाऊल टाकलं आणि बाहेर मोटारींचे हॉर्न वाजले. मालक धावत विंगेत आले. "सर, पाँच मिनट रोक दो. साब आ गये."

"साब को बोलो, सामने कुर्सी रखी है. बैठ के देखो."

"अरे, बड़े आदमी हैं!"

"नाटक भी बड़ा है, मालक," सर म्हणाले.

मालकांनी त्यांच्याशी पुढे वाद घातलाच नाही. ते सरळ पाहुण्यांना घेऊन स्टेजवर चढले, मागून प्रिन्सिपॉल, मागून हारांची टोपली. मी "बाबा" एवढाच शब्द उच्चारला होता. प्रिन्सिपॉल साहेबांनी मला खांद्याला धरून बाजूला सारलं, "जरा सरक बेटी," म्हणाले. मग हार, शाल, नारळ. आम्ही नटनट्या तोंडाला रंग लावून एका कोपऱ्यात, शिंक्यातल्या मडक्यांसारखे टांगलेले. पाहुण्यांनी माइक हातात घेतला तो सोडेचनात. कलेला प्रोत्साहन दिलं पाहिजे, असं ते बराच वेळ सांगत होते. सातला थोडाच वेळ उरला होता. खेड्यांतले लोक चुळबुळत होते, पण एवढ्या मोठ्या माणसापुढून उठायचं कसं? सगळे एकमेकांकडे पाहत जागीच बसून राहिले.

तेव्हा सर कडुनिंबाखाली गेले आणि त्यांनी रूळ बडवायला सुरुवात केली. दण दण दण! आणि बसस्टँडवरच्या कंडक्टरसारखे मोठ्यानं ओरडले, "बेल्याची गाडी! चला बेलावाले, चला! गाडी सुटून राह्यली!"

पाहुण्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. लोकांना तेवढंच हवं होतं. रांगाच्या रांगा उठल्या. बाबाही उठले. त्यांनी स्टेजकडे पाहिलं, मी कुठे दिसते का ते शोधलं असावं, आणि गावच्या लोकांबरोबर ते निघून गेले. माझा प्रवेश तसाच राहिला.

मला मालकांपेक्षाही सरांचाच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "एक दिवस राह्यले असते बाबा बसस्टँडवर, तर काय बिघडलं असतं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या बापासंगं लेकुरवाळ्या बाया होत्या ना माय," ते म्हणाले. "त्या कुठं राह्यल्या असत्या?" पण राग गेला असं मी म्हणणार नाही.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर आदिलाबादचंच, नोकरदार माणसं, कशाची वाण नाही. संसार वाईट झाला असं म्हटलं तर देव कोपेल. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा जेवता जेवता बाबांनी अचानक विचारलं, "त्या नाटकातल्या पोरीचं काय झालं वं शेवटी? पाहाचं राहून गेलं." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही बाबा, लग्न झालं तिचं." ते म्हणाले, "बरं झालं," आणि भाकरी मोडली.

इकडे त्या गॅदरिंगनंतर लगेचच संस्थेनं सरांना मीटिंगमध्ये बोलावून माफी मागायला सांगितलं होतं. "मागतो ना," सर म्हणाले, "ज्यायचं नाटक अर्ध्यातून तुटलं त्यायची मागतो. बोलवा त्यायले." झालं! सांस्कृतिक विभाग त्यांच्याकडून काढून घेतला. पुढच्या वर्षी आधी भाषणं आणि मग कॅसेट लावून सिनेमाच्या गाण्यांवर नाच. बेल्याकडचं कोणी आलं नाही. नव्वदच्या दशकात मराठीला पोरं मिळेनात, तेव्हा मालक हसत म्हणाले म्हणे, "सर, तुमची बस रिकामी झाली." खेड्यांतल्या लोकांना आपणच हाकलून लावलं, हे त्या माणसाच्या ध्यानात तरी आलं असेल का? मला नाही वाटत.

गॅदरिंगच्या संध्याकाळी सर कॉलेजात थांबत नसत. एकदा मी भाजी घेऊन येताना ते मला बसस्टँडवर दिसले, बाकावर एकटेच बसलेले. मी विचारलं, "सर, गावाले चालले का?" म्हणाले, "नाई बाई. गाडीतून आपलं कोनी उतरते का, पाहून राह्यलो." मी त्यांच्याजवळ थोडी बसले. सातची गाडी बेल्याहून येऊन लागली, भरली आणि सुटली. मग त्यांनी आपली सायकल घेतली आणि चेन चढवत निघून गेले.

पुढे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते बेल्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले. फार दिवस काढले नाहीत. सकाळी दात घासता घासता गेले, असं कळलं.

आणि मग काय विचारता! मेल्या म्हशीला मणभर दूध. कॉलेजनं सिमेंटचा पक्का रंगमंच बांधला आणि त्याला सरांचं नाव द्यायचं ठरवलं. अध्यक्षस्थानी मालकच. पत्रिकेवर पाहुण्यांचा फोटो बशीएवढा आणि सरांचं नाव खाली, बारीक अक्षरात. पाहुणे कोण, तर तेच, हैदराबादचे. आता अधिक मोठे झाले होते.

सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, खास आवतण होतं. त्या दुपारच्या बसनं एकट्याच आल्या. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी. पहिल्या रांगेत मी त्यांच्याशेजारी बसले. नावाच्या पाटीवर लाल कापड घातलेलं होतं. पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. एक पोरगी तेच स्वागतगीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. मधूनमधून कोणीतरी माइकवर सांगे, साहेब निघाले आहेत, साहेब वाटेत आहेत. कर्ण्यांची तोंडं गावाकडे केली होती, सगळ्या आदिलाबादला कळत होतं की साहेब वाटेत आहेत. काकू अधूनमधून माझं मनगट वळवून घड्याळ पाहत होत्या. आणि एकदम उठल्या.

"कुठं काकू?"

"सात वाजत आले ना बाई."

"अहो, पण पाटी उघडायची आहे! सरांचं नाव..."

"नाव मले माहीत हाय त्याइचं," काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या.

मी त्यांच्या मागे गेले. बसस्टँड जवळच आहे. गाडी लागलेली होती. मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभी राहिले. तेवढ्यात कॉलेजकडून फटाके वाजले, साहेब पोचले होते. कर्ण्यावरून मालकांचा भरून आलेला आवाज आला. आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग मोडक्या मराठीत: "आमचे लाडके सर, त्यांची पत्नी, विनंती आहे, त्यांनी मंचावर यावं."

पुन्हा तीच विनंती झाली. तिसऱ्यांदाही झाली. काकूंनी तिकीट कमरेच्या बटव्यात ठेवलं, बटव्याची दोरी ओढून घट्ट केली आणि म्हणाल्या, "आता बलावतेत व्हय."

मग कंडक्टरकडे वळून म्हणाल्या, "चाल बाप्पा. टाइम झाला."