चौदावी काच

माझी शाळा तिसरीतच सुटली. त्यामुळे चार ओळी लिहायला बसलो की अजूनही वाटतं, मागून कोणी तरी येईल आणि हातातली पाटी काढून घेईल. इथे एडनच्या बंदरात मी आगबोटींच्या पिंपांवर अक्षरं आणि आकडे रंगवतो. तेवढ्या अक्षरांवर पोट चालतं आणि त्यासाठी मी देवाचा ऋणी आहे. पण गेल्या टपालाने कल्याणहून एक पत्र आलं आणि त्या दिवसापासून कुंचला सरळ चालत नाही. आमची शेजारची काकी गेली. पत्र तिच्या मुलाने लिहिलंय. त्यात त्याने एक गोष्ट मागितली आहे. ती का मागितली, हे कळायला मागचं सगळं सांगावं लागेल.

आई मी लहान असतानाच गेली. वडील खाडीत पडाव चालवायचे, आठ-आठ दिवस घरी नसत. अशा वेळी काकी भिंतीवरून हाक मारायची, "अरे ए चित्रकारा, जेवलास का चुलीचंच चित्र काढून बसलास?" तिच्या तव्यावरची तांदळाची भाकरी, त्यावर सुक्या जवळ्याची चटणी. इथे सगळं मिळतं, पैसे टाकले की मिळतं. ती हाक मिळत नाही.

काका पलटणीत होते. रजेवर आले की मुलाला खांद्यावर घेऊन शेणाळ्याच्या तळ्यावर फिरायचे आणि मागे मीही. त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच होती, लहानपणी विळा लागल्याची. हसले की ती खाच वर चढायची. मग काबूलकडे लढाई लागली, त्यांची पलटण गेली आणि काही महिन्यांनी एक कागद आला. मेलेल्यांत नाव नाही, जखमींत नाही, हजेरीतही नाही. काकीने कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि कुंकू लावत राहिली. गल्लीतल्या निम्म्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत, निम्म्या बोलवत नसत. पितृपक्ष आला की सगळ्या घरांत पानं वाढली जायची, तिच्या घरी नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं भटजींनी सांगून ठेवलेलं. तोवर ती सवाष्ण. दर चतुर्थीला ती टिटवाळ्याला चालत जायची आणि गणपतीला काय सांगायची ते कोणाला सांगायची नाही.

कागद येऊन तीन-चार वर्षं झालेली. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा असेन. कल्याणातल्या एका गृहस्थांनी मुंबईहून चित्रांचा कंदील आणलेला. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग. काचेवर चित्र रंगवायचं, काच पेटीच्या खाचेत उलटी सरकवायची, की समोर पडद्यासारख्या ताणलेल्या धोतरावर ते चित्र पुरुषभर मोठं होऊन सुलटं उभं राहायचं. त्या काचा मी रंगवत असे. खारीच्या शेपटीचा कुंचला, नीळ, हळदीसारखा एक पिवळा आणि लाखेचा लाल. देवदेवतांचे खेळ झाले, काशीचे घाट झाले. मग मालक म्हणाले, "आता लढाई काढ. काबूलची. पाटीवर लिही, थेट विलायतेहून आलेली खरीखुरी चित्रे." विलायत म्हणजे त्यांच्या भाताच्या वखारीचा माळा. तिथे बसून मी अठरा काचा रंगवल्या.

लढाई मी कधी बघितली नव्हती. मालकांनी एक इंग्रजी वर्तमानपत्र आणून दिलेलं, त्यावरून डगले, बंदुका, डोंगर उतरवून घेतले. पण तोंडं त्यात तांदळाच्या दाण्याएवढी. गोऱ्या साहेबाला कोणतंही नाक चाललं असतं. आपल्याकडचा शिपाई काढायला बसलो की मात्र कुंचला आपोआप त्या एका भुवईशी जाऊन थांबायचा. जवळून बघितलेला शिपाई मला एकच ठाऊक होता. दुसऱ्या काचेत तो निशाण धरून चालला, सातवीत कडा चढला. चौदाव्या काचेत तो दगडांवर आडवा पडला, छातीवर लाखेचा लाल, तोंड जरा उघडं. ते कोण आहेत हे मला कळलंच नाही, असं म्हणणार नाही. अर्धवट कळलं होतं. चित्र चांगलं जमत होतं म्हणून पुढे रंगवत गेलो.

खेळ शाळेतल्या मुलांसाठी लावायचा होता, आधी कल्याणात, मग ठाण्यात. हेडमास्तर म्हणाले, मी आधी बघेन. म्हणून एका दुपारी वखारीचे दरवाजे लावून घेतले. पोत्यांवर तिघे बसले. मालक, हेडमास्तर आणि पारनाक्यावरचे म्हातारे पेन्शनर हवालदार. मी काचा सरकवत होतो. तेरावीपर्यंत सगळे वाहवा करत होते. चौदावी सरकवली आणि हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"ही नको," ते म्हणाले. "तेरा ते सोळा वयाची मुलं आहेत. घरी जाऊन झोपेत दचकली तर पालक माझ्या दारात येतील."

"अहो मास्तर," मालक म्हणाले, "हीच मुलं शिमग्याला एकमेकांची डोकी फोडतात. तेव्हा दचकत नाहीत ती! आणि ही काच काढली तर राहिलं काय? डोंगर आणि तंबू? त्यासाठी कोण येणार?"

"खेळ तुमचा, मुलं माझी."

हवालदार उठून धोतराजवळ गेले, चित्रातल्या माणसाच्या बाजूला बोट लावून विचारलं, "ह्यात पखाल कुठाय?"

"कसली पखाल?" मालक.

"पाण्याची. पडलेला माणूस पाणी मागतो. दुसरं काही मागत नाही. ह्या पोराने रक्त काढलं, पाणी काढलं नाही." मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "दाखवा मास्तर. मी चौदाव्या वर्षी नुसता ढोल ऐकून पलटणीमागे पळालेलो. हे कोणी दाखवलं असतं तर निदान पायात चपला तरी घातल्या असत्या."

मालक मोठ्याने हसले. हेडमास्तर हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी ठरलं ते असं. चौदा वर्षांच्या खालच्या मुलांना तेराव्या काचेनंतर बाहेर काढायचं. वरच्यांनी घरून चिठ्ठी आणायची, आमची हरकत नाही म्हणून. कोणाचं तोंड काढलंयस, असं तिघांपैकी कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर, तिघांनी एवढा वेळ माझ्याच चित्राकडे बघितलं, ह्याचं आत कुठे तरी बरंही वाटलेलं. त्याची लाज अजून जात नाही.

काकीचा मुलगा त्या महिन्यात चौदा पुरा झालेला.

दुसऱ्या दिवशी तो कोरा कागद घेऊन माझ्या दारात. "दादा, चिठ्ठी लिहून दे ना. आई अंगठा करते म्हणाली, पण आधी तुला विचारून ये म्हणाली. तूच रंगवलंयस ना सगळं? बाबांची पलटण आहे त्यात? मला नुसता तो मुलूख बघायचाय रे. ते गेले तो."

मी म्हणालो, संध्याकाळी येतो. रात्र पडायच्या आत गेलो. काकी भाकरी थापत होती.

"ये. काय म्हणतो तुझा खेळ? पोरगं दोन दिवस जेवणावर नाही. बघण्यासारखं असेल तर जाऊ दे. भलतंसलतं असेल तर सांग, मी नाही म्हणते. माझ्यावर रागावू दे, तुझ्यावर नको."

हे ऐकलं आणि मला राहवेना. "काकी, एका काचेवर काका आहेत."

तिचा हात थांबला नाही. "म्हणजे?"

"पडलेला शिपाई काढायचा होता. मला दुसरं कोणाचं तोंड येत नव्हतं."

भाकरी तव्यावर पडली, कडेने दुमडली. "तुला साऱ्या कल्याणात दुसरं तोंड सापडलं नाही का रे मेल्या?" एवढंच म्हणाली. मग भाकरी करपून गेली तरी तिने उलटली नाही.

तिला काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं. पाटीवर लिहिलेलं, खरीखुरी चित्रे, थेट विलायतेहून. ती पाटी मीच रंगवलेली. अख्खा गाव बघणार. भुवई कोणी ना कोणी ओळखणार. मग हळदीकुंकवाला बोलवणाऱ्या निम्म्या बायकाही बोलवायच्या थांबणार. आणि मुलगा आपल्या बापाला शंभर पोरांत बसून मेलेला बघणार.

शेवटी करपलेली भाकरी खाली काढून ती म्हणाली, "आधी मला दाखव."

मालक मंगळवारी रंग आणायला मुंबईला गेले. दुपारी मी वखार आतून लावली. काकी डोक्यावरून पदर घेऊन पोत्यावर बसली, परक्याच्या घरी बसावं तशी कडेकडेने. मी दिवा लावला आणि काच सरकवली.

मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर मला मारेल. ती पुढे वाकली. चार वर्षांत तिने ते तोंड बघितलं नव्हतं. घरात तसबीर नव्हती, कागद होता फक्त. दिवा तापला, पत्र्याचा वास सुटला. काच तडकेल म्हणून मी काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे जरा." मी राहू दिली.

मग म्हणाली, "नाक जाड काढलंयस. ह्यांचं असं नव्हतं."

"हो काकी."

"उठवता येईल का रे ह्यांना?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. काच चौकोनी होती, चारी बाजू सारख्या. मी ती खाचेतून काढली, एका अंगाने फिरवली आणि पुन्हा आत घातली. धोतरावर काका उभे राहिले. पाठीखालची दगडांची जमीन भिंतीसारखी मागे गेली, जणू तिला टेकून उभे आहेत, दमून. छातीवरचा लाल डगल्यावरच्या पट्ट्यासारखा दिसत होता. काकीने पदर तोंडाला लावला.

"अस्संच दाखव त्याला," ती म्हणाली. "इथे, एकट्याला. आणि लोकांना मात्र हे दाखवू नकोस. कसं करायचं ते तू बघ. मला काही कळत नाही त्यातलं."

त्याच दुपारी ती मुलाला घेऊन आली. मी काच फिरवूनच घातली. तो कितीतरी वेळ उभा राहून बघत होता. एकदा त्याने स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं. काकी म्हणाली, "बघ, कसे उभे आहेत." तो म्हणाला, "हो आई."

निघताना काकी पुढे झाली. तो दारात थांबला आणि अगदी हळू म्हणाला, "दादा, डोंगर आडवे कसे रे?"

मी दिवा विझवायला वळलो.

"ते पडलेलेच आहेत ना? आईला सांगू नकोस, मला कळलं म्हणून. तिला वाटू दे, मला उभेच दिसले."

आणि पायरी उतरून तो आईच्या मागे पळाला. त्या संध्याकाळी काकीने मला हाक मारून भाकरी वाढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघ, पोराला काही कळलं नाही. बरं झालं." मी मान हलवली. मास्तर, मालक, हवालदार त्या दुपारी एवढं भांडले ते त्याला झेपेल की नाही ह्यावर.

काचेचं मी काय केलं? मालकांना सांगितलं, तापून फुटली. काचा फुटतातच. मालकांनी तुकडे मागितले. तुकडे नव्हते. निशाणवाल्या आणि कड्यावरच्या शिपायाची भुवई मी आधीच भरून टाकलेली, तीही त्यांना दिसली. "चोर तो चोर, वर माझ्या चित्रांना हात लावतोस?" म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. खेळ सतरा काचांचा झाला. काकीचा मुलगा पहिल्या रांगेत बसलेला, असं ऐकलं.

मग हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तुकडे कुठे टाकलेस?" मी खाली बघत राहिलो. त्यांनी टाक उचलला आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यांचे एक नातलग एडनला बंदराच्या कचेरीत होते, त्यांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. तिसरी नापास पोराला कोण एवढं करतं? बोटीवर चढताना ट्रंकेत दोन धोतरं होती आणि त्यांच्या घडीत ती काच.

आता पत्र. मुलगा लिहितो, आई गेली ती हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावून. ज्यांनी कधी बोलावलं नाही अशा बायकाही ओटी भरायला आल्या. बारा वर्षं पुरी व्हायला सात महिने होते. तेवढं टळलं म्हणून बरं वाटतं आणि असं वाटतं म्हणून वाईटही वाटतं, असं त्याने लिहिलंय. पुढे लिहितो, "भटजी म्हणतात, मुदत भरली की दर्भाचा पुतळा करून बाबांचं करून टाकायला हवं. करणारा मीच. पण तोंड डोळ्यांपुढे नसताना नुसत्या गवताला अग्नी कसा देऊ? तुझ्याकडे ती काच असेल तर त्याआधी एकदा दाखव. ह्या वेळी आडवीच धर."

काल दुपारी ती काच धोतराच्या घडीतून काढून उन्हात धरली. लाल जरा उडालाय. भुवई आहे. नाक खरंच जाड काढलंय.

टपालाने पाठवली तर फुटेल. आठ वर्षांत रजा मागितली नव्हती, ती आज मागितली. साहेबाने कारण विचारलं, तर घरचं कार्य आहे म्हणालो. अर्ज खरडताना "कार्य" ह्या शब्दाशी हात अडकला, नीट आला की नाही कोण जाणे. मंजूर झाली तर पुढल्या बोटीने निघेन. कंदील मिळाला तर बरं, नाही मिळाला तर खिडकीत धरून दाखवीन. आणि एक लहानसा कुंचलाही बरोबर घेतोय. त्याची हरकत नसेल तर काकांच्या हाताशी एक पखाल काढायची आहे.