पांढऱ्या मोज्यांतली पावलं

बाबा गेल्यानंतर माझं देवाशी बोलणं बंद झालं होतं. भांडण म्हणावं तर तेही नाही. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. त्यात आई विसरायला लागली. पुण्याहून तिला लंडनमधल्या ईलिंगला आमच्याकडे आणलं, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं सुरू झालंच होतं. त्या उन्हाळ्यात नवऱ्याचं ऑफिसचं काम जपानला निघालं, लेकीच्या, सईच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही सगळेच गेलो. आईला एवढ्या लांब न्यावं का, यावर घरात बरीच खलबतं झाली. पण तिला मागे ठेवणार तरी कुणाच्या भरवशावर?

क्योटोतला तो दिवस आठवला की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. ऊन इतकं, की लांबची छपरं हलल्यासारखी वाटत होती. झाडांतले किडे एका सुरात किरकिरत होते. देवळाच्या लाकडी दालनात शिरलो आणि एकदम सावली, धुपाचा वास, अंधूक उजेडात कितीतरी हातांची एक उंच मूर्ती. "अगं, ही तर आपली देवीच!" आई म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली. मी नुसतीच बघत होते. इतके हात असून माझ्या वाट्याला एकही नाही, असं काहीतरी कडवट मनात आलं.

तिथली रीत अशी, की काढलेली पादत्राणं पिशवीत घालून बरोबर न्यायची, कारण बाहेर पडायचं दार मागच्या बाजूला. आईने जन्मभराच्या सवयीने चपला पायरीशी सोडल्या आणि मागे न बघता आत गेली. नवऱ्याने त्या गुपचूप आपल्या पिशवीत टाकल्या. तिला सांगायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मागच्या दाराशी आम्ही बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो, तेवढ्यात आई आपल्या चपला शोधायला निघून गेली.

"मम्मा, आजी इथेच होता," सई तिच्या मोडक्या मराठीत रडवेली होऊन म्हणाली. आमचे इंग्लंडचे मोबाइल तिथे चालत नव्हते. आईला हॉटेलचं नाव सांगता येणार नव्हतं. कधीकधी तर माझंही आठवत नसे. नवरा धावत जाऊन घामाघूम होऊन परतला. "एंट्रन्सला नाहीयेत गं. मी पोलिसांकडे जातो. तू इथून हलू नकोस, आई इकडेच आल्या तर?"

हलू नकोस! मला आयुष्यात कधी न जमलेली गोष्ट. पण दुसरा इलाज नव्हता. सईला कुशीत घेऊन मी पायरीवर बसले आणि मनात म्हटलं, माझ्या हातून ती सुटली, आता तू सांभाळ. कुणाला म्हटलं, ठाऊक नाही. किडे किरकिरतच होते, पण माझ्या आत काहीतरी शांत होत गेलं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. झाडांच्या सावलीतून एक छत्री येताना दिसली. छत्रीखाली आई, आणि तिचा हात धरलेली, किमोनो नेसलेली एक म्हातारी बाई. आईच्या पायांत गवती सपाता होत्या. ती बाई मात्र तापलेल्या फरशीवरून नुसत्या पांढऱ्या मोज्यांनी चालत होती. स्वतःच्या सपाता तिने आईला दिल्या होत्या. आम्ही कुठे सापडू हे तिला कसं कळलं, मला आजही माहीत नाही. विचारायला भाषा नव्हती. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. मोजे धुळीने माखले होते. ती बिचारी इतकी गोंधळली, की तीही माझ्यासमोर वाकली आणि आम्ही दोघी तशाच वाकून हसत-रडत राहिलो. नवरा आल्यावर आईला तिच्या चपला मिळाल्या. बाईंनी आपल्या सपाता घातल्या, छत्री उघडली आणि त्या निघून गेल्या.

टॅक्सीत मी विचारलं, "आई, भीती नाही वाटली?"

"कसली भीती? तिने हात धरला होता ना."

"पण कुठे नेतेय, विचारायचंस तरी."

"हात धरल्यावर काय विचारायचं?" म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली.

मी मात्र बोलणं बंद होईपर्यंत वर्षानुवर्षं देवाला विचारतच आले होते. त्या बाईंचे उपकार मी कुठे फेडणार? रोज हात जोडते, तेव्हा त्या डोळ्यांसमोर येतात, एवढंच. पुढची वर्षं सोपी नव्हती. शेवटी शेवटी आई मला ओळखेनाशी झाली. तरी मी हात पुढे केला की ती तो धरायची, आणि कुठे जायचं ते न विचारता माझ्याबरोबर चालू लागायची.