गरम पाण्याची वाटी

आमच्या तिघांत बिअर कोणाची चांगली होते यावर कधी एकमत झालं नाही. नाक कोणाचं चांगलं यावर मात्र वाद नव्हता. ते माझं. मी ही बढाई म्हणून सांगत नाहीये. म्हणजे तेव्हा बढाईच मारायचो, आता मारण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करतो. दुसऱ्याचं उल्हासनगर कॅम्प एकला प्लॅस्टिकच्या डब्या-बरण्यांचं दुकान आहे. तो सिंधी, त्याला आम्ही शेठ म्हणतो. तिसरा बदलापूर गावातला आगरी. त्याचे दोन टेम्पो आहेत आणि घरामागच्या वाडीत जांभळाची चार झाडं. माझ्याहून वर्षभराने लहान असूनही त्याला सगळेच दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. घरी बिअर आंबवताना वायू बाहेर पडावा म्हणून झाकणाला भोक असलेला जार शोधत मी शेठच्या दुकानात गेलो होतो. त्याने एकदा जाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "लोणचं की दुसरं काही?" दादा तेव्हा मागे माल उतरवत होता. तो हसला, आणि तिथून आमचं जमलं.

विकायचं काही नाही, कोणाला सांगायचं नाही, एका खेपेला एकच जार, असे आमचे नियम होते. दर दुसऱ्या रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बैठक बसायची. खरं सांगायचं तर पिण्यापेक्षा आम्हाला बेत करण्यातच जास्त रस होता. शेठला प्रत्येक बिअरमध्ये वेलची हवी असायची. दादा कोकम, कैरी, ऊस, जे हाताशी येईल ते घेऊन यायचा. मी मात्र पुस्तकातल्या शिस्तीवर अडून बसायचो आणि दोघांना अडाणी ठरवायचो.

वाद मिटवायची आमची एक रीत होती. ज्या पाककृतीवर भांडण, तिच्यातलं थोडं थोडं सगळं एका स्टीलच्या वाटीत टाकायचं. मोड आणून वाळवलेल्या सातूचं भरडलेलं माल्ट चमचाभर, हॉप्सचा चुरा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, आणि मग साल, मसाला, फळ, जे काय असेल ते. वर उकळतं पाणी ओतायचं आणि ताटली झाकायची. पाच मिनिटांनी वाटी माझ्यापुढे यायची. मी डोळे मिटून ताटली उचलायचो, वाफ ओढून घ्यायचो आणि निकाल द्यायचो. 'धने निम्मे करा.' 'गवती चहा उद्या वर येईल, आज ठीक वाटतोय त्यावर जाऊ नका.' महिन्याभराने बाटली उघडली की नेमकं तेच निघायचं. शेठ म्हणायचा, "साईं, याच्या नाकाचा विमा काढला पाहिजे." मला ते फार आवडायचं. लॅबमध्ये माझ्यासारखे सहा जण आहेत. वाटीपुढे बसणारा मी एकटाच होतो.

मग एका हिवाळ्यात मला आठवडाभर ताप आला. ताप गेला, अंगदुखी गेली, आणि एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं तेव्हा मी गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलो होतो. बायको आतून धावत आली. "वास येत नाही का तुम्हाला?" असं ती चिडून म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिने खरोखरच प्रश्न विचारला आहे.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. येईल, किंवा नाही येणार, म्हणाले. लवंग, लिंबू, गुलाब आणि नीलगिरीचं तेल अशा चार बाटल्या करा, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगा आणि हुंगताना तो वास आठवा. मी मन लावून ते केलं. लवंगेची बाटली नाकाशी धरून 'लवंग, लवंग' असा जप केला. चारही बाटल्यांत हवाच होती. रिक्षातून नाल्यावरच्या पुलावर आलो की शेजारचे रुमाल काढायचे, आणि त्यांना बघून मीही काढायचो, क्षणभर उशिरा. इतकी वर्षं ज्या वासाला शिव्या घातल्या, तो एकदा तरी यावा म्हणून मी त्या पुलावर खोल श्वास घेतलेला आहे.

कारखान्यात कोणाला कळलंही नाही. तिथे मोजायला यंत्रं आहेत. रविवारच्या बैठकीत सांगायला हवं होतं, पण नाही सांगितलं. वास गेला तर मग त्या टेबलाशी माझं काम काय, हे मला सुचेना. शेठकडे सामान होतं, दादाकडे फळं आणि जुना फ्रिज ठेवायला पडवी. माझ्याकडे नाक सोडून काय होतं? पुस्तकी ज्ञान, आणि ते ऐकून दोघंही कंटाळलेले.

मग मी सोंग घेतलं. ते फार अवघड नव्हतं. वाटीत काय टाकलंय ते मला आधी ऐकू यायचंच. स्तुती करणारा पकडला जातो, खोड काढणारा कधी पकडला जात नाही, हे मी आयुष्यभर पाहिलेलं होतं. म्हणून मी दर वेळी काहीतरी कमी करायला लावायचो. 'वेलची जरा जास्त होतेय' हे तर शेठच्या बाबतीत डोळे मिटून सांगता यायचं. बाटल्या उघडायच्या दिवशी आधी त्यांचे चेहरे बघायचे आणि मग बोलायचं. जीभ शाबूत होती. आंबट, गोड, कडू, तुरट एवढं कळायचं. बाकी बिअर म्हणजे कडवट सोडा. मी तो घोट तोंडात घोळवून 'केळ्याचा वास छान आलाय' म्हणायचो, कारण गव्हाच्या बिअरला तो येतो असं मला माहीत होतं. दोघं माना डोलवायचे. तीन महिने असेच गेले.

होळीच्या आधीच्या रविवारी आलं आणि गवती चहाच्या बिअरवर वाद चालला होता. शेठचं म्हणणं आलं दुप्पट हवं. वाटी भरायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने पाणी उकळून वाटीत ओतलं, तेवढ्यात दुकानातून फोन आला. वाटीवर ताटली ठेवून तो गॅलरीत गेला. दादा हात धुवायला आत गेला होता. मी मोबाइल बघत बसलो होतो. दादा परत आला आणि झाकलेली वाटी बघून सवयीने ती माझ्यापुढे सरकवली.

मी डोळे मिटले, ताटली उचलली आणि वाफ ओढली. चांगला वेळ घेतला. मग म्हणालो, "आलं फार वर येतंय. शेठला सांग, अर्धं कर. गवती चहा बरोबर आहे, पण मागे राहिलाय."

डोळे उघडले तर शेठ दारात उभा होता, फोन हातात. ओट्यावर आल्याचा तुकडा न किसलेला होता. गवती चहाची जुडी दोऱ्याने बांधलेली तशीच. आणि वाटीत तळ दिसत होता.

"साईं," तो म्हणाला, "पानी तो वाटी तपाने को डाला था. वाटी में तो अभी कुछ डाला ही नहीं."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्याने चेष्टा केली असती तर मी ओरडलो असतो, भांडलो असतो, काहीतरी बनाव रचला असता. तो बिचारा घाबरला होता, जणू त्याच्याच हातून काही फुटलं असावं. मी वाटी खाली ठेवली. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मग सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, चार बाटल्या, तीन महिन्यांची नाटकं.

दादाने ताटली परत वाटीवर झाकली. "आमाला सांगाचा व्हता रं," तो म्हणाला. "आमी काय परके हाव?"

शेठने डॉक्टरांची नावं सुचवायला सुरुवात केली. मुंबईचे, पुण्याचे, आयुर्वेदाचे. त्याच्या ओळखीत कोणाचातरी वास दोन वर्षांनी परत आला होता म्हणे. मी ऐकून घेतलं. त्यानंतरच्या रविवारी वाटी कोणी भरलीच नाही. दोघं भलतेच समजूतदार झाले होते, आणि मला ते सहन होत नव्हतं. काही ठरवायचं आलं की एकमेकांकडे बघायचे आणि मला बाटल्या धुवायला द्यायचे. "तू धुतोस तशी कोणाला जमत नाही," असं शेठ म्हणाला. पन्नाशीला आलेल्या माणसाला बाटल्या धुण्याबद्दल शाबासकी मिळावी, यापरता अपमान नाही. पण मी धूत राहिलो, कारण तिथे बसायला तेवढंच निमित्त होतं.

जांभळं पिकायला लागली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, वास गेलाय, आठवण गेलेली नाही. इतकी वर्षं जे हुंगलं ते सगळं डोक्यात आहे. जांभळाच्या सायडरची, म्हणजे आंबवलेल्या फळांच्या रसाची, पाककृती मी ठरवतो, वाटीशिवाय. डोक्यातल्या डोक्यात. दोघांना केवढा आनंद झाला! दादा म्हणाला, "झाडा तुजीच समज."

चार दिवस मी त्या पाककृतीवर बसलो होतो. सफरचंदाचा रस किती, जांभळाचा गर किती, बिया काढून की बियांसकट, यीस्ट कोणतं. जांभळाचा तुरटपणा पुढे, मागे लवंग, दोनच, आणि दालचिनीचा तुकडा बोटाच्या पेराएवढा. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला माणसात आल्यासारखं वाटलं. लॅबमध्येसुद्धा मी शीळ वाजवत होतो असं एकाने सांगितलं. बायको म्हणाली, चेहरा बरा दिसतोय तुमचा. चार बाटल्या हुंगणं मी त्याच आठवड्यात बंद केलं. म्हटलं, नाही आला वास तर नाही आला, आत सगळं जपलेलं आहे.

जांभळं आम्ही तिघांनी मिळून कुस्करली. हात आठवडाभर जांभळे राहिले. जार दादाच्या पडवीतल्या फ्रिजमध्ये गेला, मग बाटल्या भरल्या, मग वाट पाहिली. गणपती झाल्यावर एका दुपारी दादाच्या ओट्यावर पहिली बाटली उघडली. रंग सुरेख होता. फेस गुलाबी.

शेठने ग्लास नाकाशी नेला, खाली घेतला आणि पुन्हा नेला. दादाने एक घोट घेतला, मग नुसताच हुंगत बसला.

"ह्यो तं आमचे वाडीचाच वास हाय," तो म्हणाला. "झाडाखाली पडल्याली जांबला, दुपारची. तुजे डोक्यान असाच व्हता ना?"

मी डोक्यात बघायला गेलो. झाड दिसलं. खालची जांभळी झालेली जमीन दिसली, चपलेला चिकटणारा गर, माश्या, त्यांचा आवाजसुद्धा. वासाच्या जागी काहीच नव्हतं. घाबरून मी लवंग आठवून पाहिली. 'लवंग' हा शब्द आला, तिचं काळं बोंड आलं, वास आला नाही. आलं. ओला सदरा. बायकोचे केस. एकामागून एक नावं घेत गेलो, आणि प्रत्येक नाव डॉक्टरांच्या बाटल्यांसारखं हवा भरलेलं निघालं. कधी गेलं ते कळलंच नव्हतं. बहुतेक पाककृती करत होतो तेव्हाही नव्हतं. दोन लवंगा मी आठवून लिहिल्या नव्हत्या, नेहमी दोनच सांगायचो म्हणून लिहिल्या होत्या. आता परत यायचं म्हटलं तरी काय परत येणार, हेही मला सांगता आलं नसतं. त्या ओट्यावर बसल्या बसल्या मला मोठ्याने रडावंसं वाटलं.

दोघं माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी त्यांच्या नजरेत दया नव्हती.

"हो," मी म्हणालो. "असाच."

दादाने पाठीवर जोरात थाप मारली. शेठने लगेच फोन काढला. "अब अगली भी तूच सांग. मी लिहून घेतो."

"संत्र्याची साल," मी म्हणालो. "आणि धने, भरडून."

"किती?"

"दीड चमचा."

त्याने लिहून घेतलं.