पहिला फर्मा शेवटी छापतात

तुमच्या घरी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असेल, तर तारखेखाली दोन ओळींत एक वाक्य छापलेलं असतं, बघा. जगावं कसं, वागावं कसं, असलं काहीतरी. लोक ते वाचतात, मान डोलावतात आणि त्याच पानाच्या पाठीवर सामानाची यादी लिहितात. ती वाक्यं कोणीतरी डोकं खाजवून लिहिलेली असतात, हे कोणाच्या मनातही येत नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याबरोबर मी एकोणीस वर्षं एका छपराखाली काम केलं. त्यांच्याबद्दल सांगायचंय. शेवटी माझ्याबद्दलही सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

मी छापखान्यात बांधणीच्या खोलीत. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायचं, खळ लावायची, कव्हर चढवायचं. ते पलीकडच्या काचेच्या खोपटात बसून प्रुफं तपासायचे. सगळे त्यांना 'कॉमा' म्हणायचे. बोलता बोलता ते मध्येच थांबत, आपल्याला वाटे संपलं, आपण वळलो की मागून पुढचं वाक्य येई. मी मात्र भाऊ म्हणायचे. मला सख्खा भाऊ नाही, मग आयता मिळाला तर सोडायचा कशाला?

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांचे सासरे पाहुण्यांना सांगत, "जावई काय करतात म्हणाल तर लोकांच्या चुका काढतात, आणि वर त्याचा पगार घेतात!" भाऊ पण हसायचे. पण एकदा मला म्हणाले, "इतकी वर्षं छापखान्यात आहे, माझं नाव छापून आलं ते फक्त लग्नाच्या पत्रिकेत." थांबले. मी सुई ओवायला घेतली. तेव्हा पुढचं आलं, "आणि त्यातही जोडाक्षर चुकलं होतं." मी इतकी हसले की दोरा निसटला. ते नाही हसले.

मालक आणि भाऊ शाळेत एका बाकावर बसलेले. मालकांनी बापाचा छापखाना हातात घेतला, कॅलेंडर काढायचं ठरवलं आणि भाऊंना म्हणाले, "वाक्यं तूच लिही. बाहेरच्याला कशाला सांगायचं?" झालं. वर्षाला तीनशे पासष्ट. तारखेखाली जागा दोन ओळींची, म्हणजे चौदा शब्द. पंधरावा शब्द आला की वाक्य मोडून पुन्हा बांधायचं.

वाक्य चांगलं की वाईट हे ठरवायची त्यांची एक पद्धत होती. आमच्या खोलीत यायचे, दाराशी उभे राहायचे आणि वाक्य म्हणायचे. आम्ही सहाजणी घड्या घालत असायचो. कोणी "छान आहे हो" म्हटलं की ते लगेच कागदावर काट मारायचे. आणि कोणाचा घडी घालणारा हात थांबला, तर पास. "तोंडाला छान म्हणायची सवय असते, हाताला नसते," म्हणायचे.

सगळ्यात जास्त हात माझे थांबायचे. थांबणारच. अर्धी वाक्यं माझ्याच बडबडीतून निघायची. मी जावेशी कडाक्याचं भांडून आले आणि तासभर तोंड वाजवलं, की दुसऱ्या दिवशी ते दारात उभे: 'ज्याचं घरात ऐकून घेतात, त्याला बाहेर ओरडावं लागत नाही.' मी म्हटलं, "भाऊ, हे माझ्यावर आहे!" ते म्हणाले, "तुझ्यावर नाही, तुझ्यामुळे आहे." माणूस असा होता. रागावताच यायचं नाही.

एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. 'पोटाची भूक भागते, नावाची भागत नाही. तिला थोडं उपाशीच ठेवावं.' बारा वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरातलं आहे. लिहिताना त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, आपण ती भूक जिंकली.

मग मालकांनी एक दिवस बांधणीच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "कॅलेंडरला पंचवीस वर्षं झाली. निवडक वाक्यांचं पुस्तक काढू या. पुठ्ठ्याची बांधणी, झकास कव्हर. आणि त्यावर नाव तुझं!"

आम्ही सगळ्याजणींनी टाळ्या पिटल्या. भाऊ खाली वाकून सांडलेले कागदाचे तुकडे गोळा करायला लागले. तोंड लपवायला, दुसरं काय?

त्यानंतरचे चार महिने भाऊ वीस वर्षांनी तरणे झाले. नऊ हजारांवर वाक्यांतून त्यांनी तीनशे पासष्ट निवडली. रोज चहाला येऊन विचारायचे, हे ठेवू की ते? एकदा हळूच म्हणाले, "अगं, कव्हरवर नावाच्या आधी 'श्री' लावायचं का?" मी म्हटलं, "पुस्तकावर श्री लावत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत." तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला लेकीला, जावयाला, व्याही-विहिणींना आवताण गेलं. विहीणबाई जरा तोऱ्यातल्या. लेकीच्या लग्नात त्यांनी विचारलं होतं, 'प्रुफं तपासणं म्हणजे नोकरीच ना?' आता त्या बाईच्या हातात पुस्तक द्यायचं, एवढी एकच हौस होती भाऊंना. साठ वर्षांच्या आयुष्यात एक हौस. ही काय फार झाली का हो?

आता छापखान्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. त्यातला पहिला फर्मा, ज्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, मनोगत असतं, तो सगळ्यात शेवटी छापतात. आमच्याकडे एकदा अर्पणपत्रिकेत मोठा घोळ झाला होता, तेव्हापासून पहिला फर्मा आणि कव्हर मालक स्वतः तपासायचे. त्यांची प्रुफं भाऊंकडे जायचीच नाहीत.

भाऊंनी ती मागायला हवी होती. दुसऱ्याच्या पुस्तकात एक टिंब सुटलं तर जीव खालीवर करणारा हा माणूस, पण स्वतःच्या पुस्तकाचं पहिलं पान मागेना! मी दोनदा म्हटलं. तर म्हणे, "आपलंच नाव बघायला मागायचं? लाज वाटते गं. आणि तो माझा मित्र आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण म्हटलं जाऊ दे, भोळा सांब आहे.

सोमवारी कव्हरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. कार्यक्रम शनिवारी. मी सुतळी कापली, वरचं कव्हर उचललं. नाव मालकांचं होतं. ठळक, सोनेरी. खाली पहिला फर्मा होता, त्यातही तेच नाव. भाऊंचं मनोगत नाही, मालकांचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'आयुष्याच्या खडतर वाटेवर मला सुचलेले हे चार शब्द.' खडतर वाट! बापाच्या गाडीतून शाळेत जायचा हा माणूस.

मी कव्हर घेऊन तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. "मालक, नाव चुकलंय."

"चुकलं नाही." त्यांनी उठून दार लोटलं. "कॅलेंडर माझं, कागद माझा, एवढी वर्षं पगार मी दिला. त्याचं नाव बाजारात कोण ओळखतं? मी यंदा मुद्रकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा आहे, मला उपयोग आहे या पुस्तकाचा. त्याला काय करायचंय नाव घेऊन?"

"पण तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"मी त्याला नीट समजावून सांगतो. जुना मित्र आहे माझा. तू मध्ये पडू नकोस." मग अगदी सहज म्हणाले, "आणि हो, नव्या वर्षापासून बांधणीचं खातं तूच सांभाळ. आता बाहेरचा माणूस कशाला आणायचा?"

अकरा वर्षं मी त्या खुर्चीची वाट बघत होते. दोनदा माझ्या डोक्यावर बाहेरचे आणून बसवले, त्यांना काम मी शिकवलं. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. हातात ते कव्हर असताना झाला. मी "बरं" म्हटलं आणि खोलीत येऊन गठ्ठा कोऱ्या कागदाने झाकला.

मंगळवारी भाऊ चहाला आले. मी वाट बघत होते की यांना आता मालकांनी सांगितलं असेल. तर म्हणाले, "विहीणबाई येणार आहेत बरं का! जावयाची मावशी पण." मी म्हटलं, "हो का?" बुधवारी त्यांनी कार्यक्रमात बोलायची चार वाक्यं मला म्हणून दाखवली. माझा हात थांबला, ते खूश झाले. गुरुवारी नवा शर्ट आणला. शुक्रवारी मला विचारलं, "कव्हर आलं का गं? नको, सांगू नकोस, उद्याच बघीन." आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मालक सांगतील, मालक सांगतील, असं स्वतःला सांगत मी दोनशे पुस्तकांवर ती कव्हरं चढवली. या हातांनी.

शनिवारी सभागृहात भाऊ पहिल्या रांगेत. शेजारी वहिनी, लेक, जावई, विहीणबाई, मावशी. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तकावरचा कागद सोडला, पुस्तक उंच धरलं. टाळ्या वाजल्या. मी मागच्या खांबाशी उभी होते. मला भाऊंची फक्त मान दिसत होती. ती हलली नाही.

मालक भाषणात म्हणाले, "आमचे जुने सहकारी समोर बसलेत. त्यांनी या पुस्तकाची प्रुफं फार काळजीपूर्वक तपासली. त्यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या." पुन्हा टाळ्या. केसाने गळा कापावा तर असा.

नंतर पुस्तकं वाटली. विहीणबाईंनी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, तुमचं नाव कुठे आहे यात?"

भाऊंनी पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "हे काय. 'मुद्रितशोधन' लिहिलंय ना, त्याच्यापुढे."

"अगदी बारीक अक्षरात आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"हो," भाऊ म्हणाले. "पण बरोबर छापलंय."

लेक रडायला लागली. तिला घेऊन ते बाहेर गेले. माझ्याजवळून गेले, पण त्यांनी मला पाहिलं नाही. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

सोमवारी ते वेळेवर आले. केबिनमध्ये गेले, पाच मिनिटांत बाहेर आले. आरडाओरडा नाही, काही नाही. मग आमच्या खोलीत. या वेळी दाराशी थांबले नाहीत, माझ्या टेबलापर्यंत आले. पुस्तकाची एक प्रत उचलली, पाठीवरून अंगठा फिरवला.

"बांधणी चांगली झालीय," म्हणाले. थांबले. या वेळी मी वळले नाही. "कव्हरं कधी आली तुझ्याकडे?"

सगळ्याजणींचे हात थांबले होते.

"सोमवारी," मी म्हटलं.

"म्हणजे आपण चहा घेत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"मालक म्हणाले, मी सांगतो. मला वाटलं..." डोंबल वाटलं! मला काही वाटलं नव्हतं. मला खुर्ची हवी होती.

"त्याने फसवलं ते समजतं गं," भाऊ म्हणाले. "शाळेतही तो माझी वही स्वतःची म्हणून दाखवायचा. पण तू एक शब्द बोलली असतीस, तर मी निदान लेकीला येऊ नको म्हटलं असतं." पुस्तक गठ्ठ्यावर सरळ लावून ठेवलं आणि गेले. त्याच दिवशी राजीनामा दिला.

आता कॅलेंडरची वाक्यं मालकांचा भाचा कुठून कुठून उतरवून आणतो. पंधरा शब्द असतात, अठरा असतात, अक्षर बारीक करून कोंबतात. कोणाचा हात थांबत नाही. मी खात्याची प्रमुख आहे, घड्या मला घालाव्या लागत नाहीत.

तीन महिने मी कचरले. मग एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. मालकांना काय बोलायचं ते मी बोलूनही टाकलं होतं. केबिनचं दार सताड उघडं ठेवून बोलले, सगळ्यांनी ऐकलं, आणि काडीचाही फरक पडला नाही. भाऊंना तेवढं सांगायचं होतं, पाया पडायचं होतं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर घेणार होते. दोन जिने चढून बेल वाजवली. बाहेर त्यांच्या चपला जोडीने ठेवलेल्या. आतून खोकल्याचा आवाज येत होता, तो बेल वाजताच बंद झाला.

दार वहिनींनी उघडलं, अर्धंच.

"भाऊ आहेत?"

वहिनींनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरात नाहीत," म्हणाल्या. बोलताना मान खाली गेली त्यांची.

एका चुकलेल्या अक्षरासाठी अख्खा फर्मा पुन्हा छापायला लावणारा माणूस. माझं तोंड बघावं लागू नये म्हणून त्याने बायकोला खोटं बोलायला लावलं होतं.

"बरं," मी म्हटलं. "आले की सांगा त्यांना, मी येऊन गेले. माझं चुकलं म्हणावं."

"ऐकलंय त्यांनी," वहिनी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.